चिबड रानाचा निचरा आणि मांसाच्या गुरांची पैदास: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

घरची शेती माझ्या आणि भावाच्या हातात आली तेव्हा तिचा जवळजवळ तिसरा हिस्सा चिबड, म्हणजे पाणी साचून ओला राहणारा, होता. आम्ही घाईत दोन चुका एकदम केल्या. गुरं आधी आणली आणि चर वरच्या टोकाकडून खणायला घेतले. पहिल्याच ओल्या हंगामात तेरा गायींनी खालचं कुरण तुडवून त्याची चाळण केली. खुरांच्या खड्ड्यांत पाणी साचलं, त्या पाण्यात गोगलगायी झाल्या आणि त्यांच्याकडून यकृतातले जंत गायींत शिरले. हंगाम संपेपर्यंत आमच्याकडे ना धड कुरण होतं ना धड गाय.

पुढे सगळं उलट क्रमाने केलं आणि जमलं. तो क्रम इथे लिहिते आहे.

सुरुवातीला एक गोष्ट सांगायला हवी. मांसासाठी गुरं पाळणं, विकणं आणि कापणं यांचे कायदे ठिकाणागणिक वेगळे असतात. काही ठिकाणी गोवंशाच्या कत्तलीवर बंदी आहे. जनावर कुठे, कोणाला आणि कशासाठी विकता येतं हे कळल्याशिवाय पहिली कालवडसुद्धा घेऊ नका. निचऱ्याचा भाग मात्र गुरं कशासाठीही पाळा, तसाच लागू पडतो.

हाताशी काय हवं

फावडं, पहार, लांब मोजपट्टी, खुंट्या आणि दोरी. उतार काढायला पाण्याची पारदर्शक नळी चालते. भाड्याने लेझर लेव्हल मिळाली तर उत्तमच. दीड मीटर लांबीच्या, भोकं पाडलेल्या चार-पाच प्लास्टिक नळ्या लागतील. आणि एक वही. मोबाइलमध्ये नोंदी ठेवणारे आम्हीही होतो, पण चिखलाच्या हातांनी वहीच उघडली जाते.

1. एक पूर्ण ओला हंगाम नुसतं बघा

हे कोणालाच आवडत नाही. जमीन आहे, यंत्र भाड्याने मिळतंय, मग वाट कसली बघायची? वाट बघायची, कारण पाणी दिसतं एका जागी आणि येतं दुसरीकडून.

पाऊस चालू असताना रानात फिरा. थांबल्यावर दुसऱ्या दिवशी फिरा आणि चार दिवसांनी पुन्हा. प्रत्येक वेळी कुठे पाणी उभं आहे ते नकाशावर खुणेने दाखवा. पाऊस थांबून चार दिवस झाले तरी जी जागा ओली राहते तिथे खालून किंवा बाजूने पाणी येतंय असं समजा. दुसऱ्याच दिवशी कोरडी होते ती जागा बहुधा वरवर दाबली गेलेली असते, आणि तिला पाईपची गरजच नसते. लव्हाळा कुठे दाटला आहे तेही लिहून ठेवा. दहा वर्षांचं ओलेपण लव्हाळा एका नजरेत सांगतो.

मग खड्डे घ्या. ओल्या भागात तीन-चार ठिकाणी एक मीटर खोल खणा आणि खड्ड्याची एक भिंत फावड्याने सरळ तासून तिच्याकडे नीट बघा. वरची माती तपकिरी असते. जरा खाली गंजासारखे तांबूस ठिपके दिसू लागतात. त्याखाली माती राखाडी किंवा निळसर होते आणि कधी कधी सडक्या अंड्यासारखा वास येतो. तांबूस ठिपके म्हणजे तिथे पाणी वरखाली होतं, कधी हवा लागते आणि कधी लागत नाही. निळसर राखाडी माती वर्षातला बराच काळ पाण्याखाली असते. म्हणजे पाण्याची पातळी किती वर चढते हे समजायला पुढच्या पावसाची वाट बघावी लागत नाही, मातीनेच ते रंगात लिहून ठेवलेलं असतं. आमच्या खालच्या रानात ठिपके फक्त वीस सेंटिमीटरवर सुरू झाले होते. त्या रानात आम्ही दोन वर्षं खत टाकत होतो.

खड्डे बुजवण्याआधी भोकांच्या नळ्या उभ्या रोवा आणि आठवड्यातून एकदा आत काठी घालून पाणी किती खोल आहे ते मोजा.

या पाहणीतून तुमचं दुखणं साधारण चारपैकी कुठलं आहे ते कळेल.

वरचा थर दाबला गेला असेल तर फावडं वीस-पंचवीस सेंटिमीटरवर अडतं आणि गवताची मुळं तिथे आडवी वळलेली दिसतात. इथे उपाय म्हणजे कोरड्या दिवसांत तो थर फोडणं. पाईप टाकून काही उपयोग नाही, कारण पाणी पाईपपर्यंत पोचतच नाही.

उताराच्या मध्येच ओलीचा पट्टा असेल तर तो झरा आहे. वरच्या सच्छिद्र थरातून उतरलेलं पाणी खालच्या चिकणमातीवर अडून बाजूने बाहेर पडतं. अशा ठिकाणी ओल्या पट्ट्याच्या वरच्या बाजूला, उताराला आडवा असा एकच खोल चर पुरतो.

सपाट रान, आणि शेजारच्या ओढ्याची पातळी वाढली की नळ्यांमधलंही पाणी वाढतं? मग प्रश्न भूजलाचा आहे. समांतर पाईप लागतील आणि त्याआधी बाहेरचा मोठा चर खोल करावा लागेल.

चौथं म्हणजे भारी चिकणमाती. तिच्यातून पाणी इतकं सावकाश झिरपतं की पाईप जवळजवळ टाकावे लागतात. तिच्यासाठी वेगळी युक्ती आहे, ती पाचव्या पायरीत.

झऱ्याच्या बाबतीत जोसेफ एल्किंग्टन या इंग्रज शेतकऱ्याची गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. वॉरिकशरमधल्या त्याच्या शेतात 1764 साली तो खोल चर खणत होता, पण रान काही कोरडं होईना. कोणाच्या तरी हातातली पहार घेऊन त्याने ती चराच्या तळात खोल रोवली. बाहेर काढली तसं त्या भोकातून पाणी उसळलं. चर थोडक्यात वर राहिला होता, कोंडलेलं पाणी त्याच्या खाली होतं. पुढे 1795 मध्ये ब्रिटिश संसदेने या पद्धतीसाठी त्याला हजार पौंडांचं बक्षीस मंजूर केलं. आमच्या वरच्या पट्ट्यात आम्हीही पहार मारून बघितली. कारंजं वगैरे काही उडालं नाही, पण अर्ध्या तासात चराच्या तळाशी हातभर पाणी आलं आणि झरा कुठे आहे ते समजलं.

2. कुठे हात लावायचा नाही ते आधी ठरवा

सगळंच ओलं रान कोरडं करायचं नसतं. तीन ठिकाणी थांबा.

पहिलं, कुजलेल्या वनस्पतींची काळी, हलकी, स्पंजसारखी माती, म्हणजे पीट. तिच्यातलं पाणी काढलं की ती आक्रसते आणि हवा लागून हळूहळू कुजून नाहीशी होते, जमीनच खाली बसते. इंग्लंडमधल्या होम फेन इथे 1851 च्या सुमारास एक लोखंडी खांब पीटमध्ये जमिनीच्या पातळीपर्यंत गाडला होता. निचरा झाल्यावर जमीन खचत गेली आणि आज तो खांब जवळजवळ चार मीटर उघडा उभा आहे. शिवाय या कुजण्यातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो तो वेगळाच.

दुसरं, किनाऱ्याजवळच्या किंवा खाजणाच्या जमिनी. त्यांच्या खालच्या निळसर काळ्या थरात लोह आणि गंधकाची संयुगं असू शकतात. पाण्याखाली असतात तोवर ती गप्प असतात. निचरा केला, हवा लागली की त्यांचं गंधकाम्ल होतं आणि गवत, मासे, चरातलं पाणी सगळंच बिघडतं. फिकट पिवळे डाग दिसले तर आधी मातीची तपासणी करून घ्या.

तिसरं, संरक्षित पाणथळ जागा. इराणमधल्या रामसरला 1971 मध्ये झालेल्या करारानंतर अनेक देशांनी अशा जागांना कायद्याचं संरक्षण दिलं. जमीन तुमच्या नावावर असली तरी परवानगीशिवाय तिथे चर काढणं गुन्हा ठरू शकतं.

आम्ही सगळ्यात खालचा कोपरा तसाच सोडला आणि कुंपण घालून गुरांपासून तोडला. वडील नाराज होते, त्यांच्या मते ती जागा फुकट गेली. पण चरांचं गढूळ पाणी आता त्या कोपऱ्यात थांबतं आणि निवळून पुढे जातं, त्यामुळे खालच्या शेजाऱ्याची तक्रार बंद झाली.

3. पाणी जाणार कुठे?

निचऱ्याचं काम खालून वर करायचं असतं. आधी बाहेर पडायची जागा, मग मुख्य पाईप, मग शाखा. हे वाक्य भिंतीवर लिहून ठेवलं तरी चालेल, कारण आम्ही नेमकं याच्या उलट केलं होतं. वरच्या टोकाला सुरेख शाखा टाकल्या आणि खाली आल्यावर कळलं की ओढा भरला की त्याची पातळी पाईपच्या तोंडापेक्षा वर जाते. मोठा पाऊस झाला की ओढ्याचं पाणी पाईपमधून उलटं रानात यायचं. स्वतःच्या खर्चाने स्वतःचं रान बुडवण्याचा तो प्रकार होता.

हिशेब करून बघा. 200 ला 1 असा उतार धरला तर शंभर मीटर लांबीला पाईप पन्नास सेंटिमीटर खाली उतरतो. रान सपाट असेल आणि वरच्या टोकाला पाईप 80 सेंटिमीटर खोल असेल, तर खालच्या टोकाला तो 130 सेंटिमीटरवर येणार. पाईपचं तोंड बाहेरच्या चरातल्या नेहमीच्या पाण्याच्या निदान 15 ते 20 सेंटिमीटर वर राहायला हवं. म्हणजे त्या चरातलं पाणी जमिनीपासून दीड मीटर तरी खाली हवं, आणि तळ त्याहूनही खोल. तेवढी खोली नसेल तर उतार कमी करा (500 ला 1 पर्यंत चालतं, पण मग पाईप अगदी अचूक बसवावा लागतो), नाहीतर शाखा आखूड ठेवा.

बाहेरचा चर शेजाऱ्याच्या हद्दीतून जात असेल तर त्याच्याशी आधी बोला, आणि जे ठरेल ते कागदावर सहीनिशी घ्या. पिढ्यान् पिढ्यांची मैत्री एका ओल्या हंगामात तुटताना मी बघितली आहे.

4. चर आणि पाईप

कुरणासाठी पाईप साधारण 75 ते 100 सेंटिमीटर खोल असावा. दोन पाईपमधलं अंतर मातीवर ठरतं. भारी मातीत 8 ते 15 मीटर, हलक्या वालुकामय मातीत 20 ते 40 मीटरपर्यंत. नक्की आकडा काढायला मातीतून पाणी किती वेगाने सरकतं ते मोजावं लागतं. वाळूतून पाणी किती वाहतं याचा नियम हेन्री दार्सी या फ्रेंच अभियंत्याने 1856 मध्ये मांडला, आणि निचऱ्याची आजची बहुतेक गणितं त्यावरच उभी आहेत. तुम्हाला ती सोडवायची गरज नाही. जाणकाराकडून आराखडा करून घ्या, पण आधी त्याच्या हातात तुमची खड्ड्यांची आणि नळ्यांची वही द्या. वही न बघता आराखडा देणाऱ्याला दारातूनच नमस्कार करा.

शाखांना 80 मिलिमीटरच्या आसपासचा सच्छिद्र, वळ्यांचा प्लास्टिक पाईप बहुतेक ठिकाणी पुरतो. मुख्य पाईप मोठा हवा. बारीक वाळू किंवा गाळवट माती असेल तर पाईपभोवती कापडी गाळणीचं वेष्टण घ्या. चिकणमातीत पाईपवर धुतलेली खडी टाका, आणि ती वरच्या मातीच्या थरापर्यंत आणा. फक्त पाईप झाकला आणि वर पुन्हा चिकणमाती दाबली, तर पाण्याला खाली उतरायला वाट उरत नाही. खडी वाचवायचा मोह सगळ्यांनाच होतो. आम्हालाही झाला, आणि ती एक ओळ आजही इतर ओळींपेक्षा निम्मी वाहते.

पाईप टाकला की लगेच बुजवू नका. वरच्या टोकाला दोन बादल्या पाणी ओता आणि खालच्या तोंडाशी कोणाला तरी उभं करा. पाणी यायला फार वेळ लागला किंवा अर्धंच आलं तर मध्ये कुठेतरी पोट पडलं आहे, म्हणजे पाईप लचकून खाली बसलाय. तिथे गाळ साचणार. उघडं असतानाच दुरुस्त करायला तासभर पुरतो.

तोंडाशी शेवटचे दीड-दोन मीटर बिनभोकांचा, जाड, टणक पाईप लावा आणि जाळी बसवा. जाळी नसली तर बेडूक, उंदीर आत जाऊन राहतात. शाखा मुख्य पाईपला मिळतात तिथे गाळ बसायला लहानशी टाकी ठेवा, तिचा तळ पाईपपेक्षा निदान 30 सेंटिमीटर खाली असू द्या.

एक गोष्ट हमखास फसवते. तोंडातून नारिंगी, बुळबुळीत पदार्थ यायला लागला तर ते लोहावर जगणाऱ्या जिवाणूंचं काम आहे. पाईपची भोकं त्याने बंद होतात. लोहाचं प्रमाण जास्त असलेल्या जमिनीत पाईप अशा रीतीने टाका की पाण्याचा फवारा आत सोडून तो अधूनमधून धुता येईल.

5. भारी चिकणमातीसाठी मोल चर

बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं लोखंडी टोक असलेला नांगर जमिनीत 45 ते 60 सेंटिमीटर खोल ओढतात. मागे उरतो तो मातीतलाच पोकळ बोगदा. दीड-दोन मीटर अंतराने असे बोगदे काढून ते खालच्या खडीच्या पाईपला आडवे जोडतात. स्वस्त आहे आणि चांगल्या मातीत पाच-दहा वर्षं टिकतं. पण खाली माती ओलसर, लवचीक हवी आणि वर कोरडी. वाळू किंवा दगड असेल तर बोगदा ढासळतो.

6. रान लगेच चारू नका

निचरा झाल्यावर माती तपासा. आम्लता जास्त असेल तर चुना लागेल, पण तो बेताने, कारण पुढे सांगितलेल्या तांब्याच्या प्रश्नाशी त्याचा संबंध आहे. गवत पेरलं की घाई करू नका. अंगठा आणि तर्जनीत पानं धरून, गाय जिभेने ओढते तसा हिसका द्या. पानं तुटली तर रान चारण्यासारखं आहे. मुळासकट हातात आलं तर अजून थांबा.

चाऱ्याची दुसरी चाचणी टाचेची. पावसानंतर बुटाची टाच दाबून जमिनीत फिरवा. दोन-तीन सेंटिमीटरहून जास्त रुतली आणि कडेने पाणी आलं तर त्या दिवशी गुरं तिथे सोडू नका. गाय पाच-सहाशे किलोची असते आणि चालताना ते सगळं ओझं क्षणभर दोन-तीन खुरांवर येतं. ट्रॅक्टर रुंद चाकावर उभा असतो, खूर तळहाताएवढा असतो. नवीन निचरा केलेल्या रानाची घडी बिघडवायला एक ओली दुपार पुरते.

गवत 8 ते 10 सेंटिमीटरचं झालं की गुरं आत, 4-5 सेंटिमीटरवर आलं की बाहेर. रानाचे छोटे तुकडे करा आणि चरून झालेला तुकडा मागून विजेच्या तारेने बंद करा, नाहीतर गुरं पुन्हा तिथेच कोवळं खायला जातात. अगदी ओल्या दिवसांसाठी खडी टाकलेली एक उंच जागा बांधा. हा खर्च लोक टाळतात. माझ्या मते पहिल्या गायीआधी तो व्हायला हवा.

7. गाय: रानाला झेपेल तेवढी

आमच्या पहिल्या गायी भारी जातीच्या होत्या. दिसायला देखण्या, बाजारात वासरांना मागणी, आणि प्रत्येकी सातशे किलोच्या पुढे. ओल्या रानात पाचशे-साडेपाचशे किलोची गाय बरी. ती कमी खाते, कमी रुतवते आणि तिचं वासरू तिच्या वजनाच्या मानाने कमी नसतं.

थंड, पावसाळी भागात गॅलोवे आणि हायलँड यांची दाट केसांची गुरं टिकतात. अँगस आणि हेरफोर्ड सुलभ वितीसाठी, म्हणजे सहज विण्यासाठी, ओळखली जातात. दमट उष्ण भागात ब्रह्मन (Brahman) गुरांसारख्या वशिंडाच्या जातींचा संकर कामाला येतो, त्यांना ऊन आणि गोचीड दोन्ही जास्त सोसतं. शारोलेसारखी मोठी जात वळू म्हणून वापरता येते, पण कधीच न व्यालेल्या कालवडीवर नको. दोन जातींच्या संकरातून झालेली गाय बहुधा दोन्ही शुद्ध आयांपेक्षा जास्त फळते आणि जास्त वर्षं टिकते. नवशिक्याने शुद्ध जातीच्या मोहात पडू नये असं मला वाटतं. दाखल्याचा कागद वासराला दूध पाजत नाही.

विकत आणलेलं प्रत्येक जनावर निदान 28 दिवस वेगळं ठेवा. ब्रुसेलोसिस (गर्भपात घडवणारा रोग), क्षय, बीव्हीडी (विषाणूजन्य हगवण) आणि जॉन्स रोग (आतड्याचा चिवट रोग) यांच्या तपासण्या मागा. कास, खूर, दात आणि डोळे स्वतः बघा. आणि गाय चालवून बघा, उभी असलेली प्रत्येक गाय चांगलीच दिसते.

8. वळू

जाणता वळू 25-30 गायींना पुरतो. दीड वर्षाखालच्याला पंधरा-वीसच द्या. वळू सोडण्याच्या दोन महिने आधी त्याची प्रजनन तपासणी करून घ्या. शुक्रपेशी तयार व्हायला साधारण दोन महिने लागतात, त्यामुळे गेल्या दोन महिन्यांत वळूला मोठा ताप येऊन गेला असेल तर त्याचा परिणाम तपासणीत दिसू शकतो. वर्षभराच्या वळूच्या अंडकोशाचा घेर 30 सेंटिमीटरच्या आत असेल तर घेऊ नका. खूर आणि चाल यांत खोट असलेला वळू ओल्या रानात महिनाभरही चालत नाही.

कालवडींसाठी वळू निवडताना त्याच्या नोंदींतला सुलभ वितीचा आकडा आधी बघा, वाढीचा नंतर. आणि वळू कितीही मायाळू असला तरी त्याच्याकडे पाठ फिरवू नका. आत शिरण्याआधी बाहेर पडायची वाट ठरलेली असावी.

वळू ठेवणं परवडत नसेल तर कृत्रिम रेतन आहे. माज साधारण 21 दिवसांनी येतो. दुसरी गाय चढत असताना जी स्थिर उभी राहते ती माजावर असते. सकाळी दिसली तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसली तर दुसऱ्या दिवशी सकाळी. मात्र रोज दोन-तीनदा डोळ्यांत तेल घालून बघणारा माणूस घरात हवा. आमच्या घरी तो माणूस नव्हता, म्हणून वळू.

9. कॅलेंडर उलटं मांडा

गाय साधारण 283 दिवस गाभण असते. वर्षाला एक वासरू हवं असेल तर व्याल्यानंतर सुमारे 82 दिवसांत ती पुन्हा गाभण राहायला हवी. म्हणजे चुकायला फारशी जागा नाही.

आधी ठरवा की वीत कधी हवी. ओल्या रानात माझं मत ठाम आहे: रान भिजून चिंब असतानाचे दिवस टाळा आणि गवताला जोर येण्याच्या तीन-चार आठवडे आधी पहिली वासरं येऊ द्या. तिथून 283 दिवस मागे मोजा आणि त्या तारखेला वळू सोडा. नऊ आठवड्यांनी, म्हणजे माजाच्या तीन फेऱ्यांनी, त्याला बाहेर काढा. राहिलेल्या गायींसाठी त्याला आत ठेवायचा मोह होतो, पण मग वासरं वर्षभर सुटी सुटी येतात, आणि त्यातली काही नेमकी चिखलात. वळू काढल्यावर सहा आठवड्यांनी गाभण तपासणी करून घ्या आणि रिकाम्या गायींचा निर्णय तेव्हाच घ्या.

गायीची अंगलट हाताने बघा, डोळ्यांनी नाही. शेवटच्या फासळीमागे, कण्याच्या आडव्या हाडांच्या टोकांवर बोटं दाबा. टोकं टोचत असतील तर गाय रोड आहे. जोर देऊन शोधावी लागली तर बरी आहे. 1 ते 5 च्या मापात (1 म्हणजे अगदी रोड, 5 म्हणजे फार जाड) वितीच्या वेळी 2.5 ते 3 असावं. रोड गाय उशिरा माजावर येते, आणि फार जाड गायीला वीत जड जाते.

कालवड पहिल्यांदा लावताना तिचं वजन पूर्ण वाढलेल्या गायीच्या 60 ते 65 टक्के झालेलं हवं. वय त्यानंतर बघा.

10. वीत

कोरडी, वारा न लागणारी जागा. ओल्या गवतावर जन्मलेलं वासरू लवकर गारठतं. पाण्याची पिशवी दिसल्यापासून दोन तासांत वासरू आलं नाही, किंवा गाय तासभर जोर देऊनही पुढे सरकत नाही, तर डॉक्टरांना बोलवा. त्याआधीही शेपूट दिसली, किंवा डोकं आलं आणि पाय नाहीत, तर थांबू नका. ओढायची वेळ आलीच तर गाय जोर देईल तेव्हाच ओढा.

वासरू आलं की नाळ आयोडीनमध्ये बुडवा. पहिल्या दोन तासांत तीन लिटरच्या आसपास चीक पोटात जायला हवा. वासराला रोगाशी लढायची ताकद या चिकातूनच मिळते आणि ती शोषून घेण्याची आतड्याची क्षमता तासागणिक घटते, दिवसभरात जवळजवळ संपते. वासरू उठून प्यायलं असं मानून झोपायला जाऊ नका. मी एकदा गेले. सकाळी गायीच्या चारही सडांवर चिकाचा मेणचट थर तसाच होता, म्हणजे वासराने तोंडच लावलं नव्हतं. तेव्हापासून आधी सड बघते, मग वासरू.

वार, म्हणजे वासरामागून पडणारा पडदा, चोवीस तासांत पडली नाही तर ओढू नका, डॉक्टरांना दाखवा.

11. ओल्या रानाची खास दुखणी

लिव्हर फ्लूक हा यकृतातला चपटा जंत. त्याचं अर्धं आयुष्य चिखलातल्या छोट्या गोगलगायीत जातं, म्हणून तो ओल्या रानाचा सोबती आहे. गाय खंगते, दूध आटतं, कधी जबड्याखाली पाण्याची मऊ सूज येते. शेणात अंडी दिसायला संसर्गानंतर आठ ते बारा आठवडे लागतात, त्यामुळे आजची स्वच्छ तपासणी महिन्यापूर्वीच्या संसर्गाबद्दल काही सांगत नाही. बहुतेक औषधं फक्त मोठे जंत मारतात. ट्रायक्लाबेंडाझोल लहानांनाही मारतं, पण काही ठिकाणी जंत त्यालाही दाद देत नाहीत. औषध कधी आणि कोणतं ते डॉक्टरांसोबत ठरवा. तुमच्या हातात आहे ते कुंपण: चराच्या कडा, पाण्याच्या टाकीभोवतीचा चिखल आणि फाटकाचं तोंड. टाकीभोवती खडी टाकली की निम्म्या गोगलगायी कमी होतात असं आमचं निरीक्षण आहे.

खुरांच्या बेचक्यात सूज, घाण वास आणि अचानक लंगडणं हे खूर सडण्याचं लक्षण. लवकर उपचार केले तर बरं होतं. मुळावर उपाय म्हणजे फाटकाशी खडी.

तिसरं दुखणं कमी लोकांना माहीत असतं. ओल्या, सेंद्रिय जमिनीतल्या गवतात मॉलिब्डेनम जास्त असू शकतं आणि ते गायीच्या पोटात तांबं अडवून धरतं. काळ्या गायीचे केस तपकिरी दिसू लागतात, डोळ्यांभोवती चष्म्यासारखं फिकट वर्तुळ येतं, वासरं वाढत नाहीत. चुना टाकला की मातीतलं मॉलिब्डेनम गवताला आणखी सहज मिळतं. म्हणून चुना बेताने. पण अंदाजाने तांबं देऊ नका, जास्त झालेलं तांबं विषारी ठरतं. आधी रक्त आणि चारा तपासा.

आणि कोवळं, जोमाचं गवत नुकतंच सुरू झालं की दूध देणाऱ्या गायींना मॅग्नेशियम द्या. ते कमी पडलं की गाय थरथरते, लडखडते आणि काही तासांत मरूही शकते.

12. कागद

निचऱ्याची परवानगी, शेजाऱ्याशी झालेला लेखी करार, माती तपासणीचे अहवाल. प्रत्येक जनावराचा कानातला बिल्ला आणि ओळखपत्र, खरेदीच्या पावत्या, रोग तपासण्या, विण्याच्या तारखा. औषधांची वही वेगळी ठेवा, त्यात औषध दिल्याची तारीख आणि ते जनावर किती दिवस मांसासाठी विकायचं नाही तो मुदतीचा आकडा हवाच. वासरं साधारण सात महिन्यांची झाल्यावर दूध तोडून आईपासून वेगळी केली जातात, त्या दिवशीचं वजनही लिहा. कोणती गाय ठेवायची आणि कोणती काढायची हे त्या आकड्यांवरून ठरतं.

आणि निचऱ्याचा नकाशा. चर उघडे असतानाच, बुजवण्याआधी. प्रत्येक पाईपचं अंतर दोन पक्क्या खुणांपासून मोजा, झाडापासून नव्हे, झाड पडतं. खोली लिहा, तोंडांचे फोटो घ्या, एक प्रत घरात आणि एक गोठ्याच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा. आमच्या भावाने तिसऱ्या वर्षी कुंपणाचा खांब ठोकताना पाईपच्या नेमक्या मध्यात ठोकला. दुसऱ्या दिवशी खांबाच्या बुंध्याशी छोटंसं डबकं झालं होतं आणि एक गाय त्यात उभी राहून पाणी पीत होती.